सावलीचं ताट

आम्ही चिकटपट्टी आणायला निघालो होतो. काम एवढंच होतं. कानाएचे नवे बूट चावले होते, टाचेवर टपोरा फोड आला होता, आणि ओसाकातला आमचा तो दुसराच दिवस होता.

दिवा जरा अलीकडे ओढा. हं, आता ठीक आहे.

तेव्हा कुणाच्या खिशात फोन नसायचे. पाठीवर पिशव्या टाकून स्वतःच्या हिमतीवर शहर बघायला निघालेल्या आमच्या बेटावरच्या आम्ही पहिल्याच मुली. तोवर आमची माणसं शहर बघायची ती बसमधून. पुढे झेंडा धरलेली बाई आणि मागे मेंढरांसारखी सगळी. आम्ही दोघी एकट्या जाणार हे कळल्यावर बोट चालवणारे ओजिमाकाका धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "चिझुरू, परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेव गं. दोन दिवसांत रडत येशील, तेव्हा धावपळ नको."

मी म्हटलं, "काका, आठवडा पुरा केल्याशिवाय तुमच्या बोटीत पाय ठेवणार नाही. तोवर तिला रंग मारून घ्या, पार गंजलीय."

सगळा धक्का हसला. काका पण हसले. आई मात्र हसली नाही. तिनं मला बाजूला घेतलं, माझ्या पिशवीचा पट्टा उगीचच ओढून बघितला आणि म्हणाली, "दोघी जाताय, दोघी या."

याला कारण होतं. कानाए माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच लहान. तिची आई, म्हणजे माझी मावशी, समुद्रात बुडी मारून शिंपले काढायची. एके दिवशी ती खाली गेली ती वर आलीच नाही. शोधलं पुष्कळ, पण हाती काही लागलं नाही. तेव्हापासून कानाए आमच्या घरात वाढली. ती कधी आईबद्दल बोलायची नाही, पण संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहायची. तिला जरा माणसांत आणावं, जग दाखवावं म्हणूनच मी हा प्रवास काढला होता.

आमच्याकडे घरातलं कुणी परगावी गेलं की त्याच्या नावाचं ताट रोज वाढतात. त्याच्या नेहमीच्या जागी. भात, लोणच्याची फोड, आणि झाकणाच्या वाटीत जवाच्या मिसोची, म्हणजे आंबवलेल्या वाटणाची, आमटी. माणूस वाटेत उपाशी राहू नये म्हणून. आम्ही त्याला सावलीचं ताट म्हणतो. थोड्या वेळानं वाटीचं झाकण उचलायचं. आतून थेंब धरलेले असले तर माणूस खुशाल आहे. झाकण कोरडं निघालं तर... तर घरात त्यावर कुणी बोलत नाही.

कानाएला त्याचं हसू यायचं. पहिल्या दिवशी स्टेशनच्या बाकावर थंडगार भाताचा मुटका खाताना म्हणाली, "ताई, मावशी तिकडे आपल्याला गरम आमटी वाढतेय आणि आपण हे चावत बसलोय. तिला म्हणावं, त्यापेक्षा डबा पाठव."

तर दुपारची वेळ होती. ऑगस्टचं ऊन. ओसाकात उमेदा म्हणून भाग आहे, तिथे जमिनीखाली बाजार आहे, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा फुटत जाणारा. आम्ही गारव्यासाठी खाली उतरलो. औषधाचं दुकान सापडलं, पण आत ही गर्दी. कानाए लंगडत होती. समोर एक छोटं कारंजं होतं, त्याच्या कडेला ती टेकली. तिच्या लाल पिशवीला आमच्या देवळातली घुंगुरघंटी बांधलेली होती, ती किणकिणली.

"इथून हलू नकोस," मी म्हटलं.

"हलू कशी? पाय कुणाचा दुखतोय?"

मी आत गेले, चिकटपट्टी घेतली, बाहेर आले. कारंजं होतं. कानाए नव्हती.

आधी मी चिडले. मग शौचालयात पाहिलं, आजूबाजूची दुकानं पाहिली, पुन्हा कारंज्यापाशी आले, पुन्हा गेले. नाक्यावरच्या चौकीतल्या पोलिसाला गाठलं. मध्यमवयीन, घामाघूम माणूस.

"बहीण हरवलीय? बाई, मी कितीतरी वर्षं इथे आहे आणि अजून जेवायला गेलो की परत येताना मीच हरवतो. कुठल्या तुम्ही?"

मी बेटाचं नाव सांगितलं.

"मग काय! तुमच्याकडे सगळा मिळून एक रस्ता. येईल हो. इथे हरवलेलं माणूस संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी जिन्यानं वर निघतंच."

तो भला माणूस होता. त्यानं नाव लिहून घेतलं, ध्वनिक्षेपकावरून पुकारायला लावलं. कानाएचं नाव त्या छताखालून घुमत गेलं आणि कुणी वळूनही पाहिलं नाही. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. ओसाकाच्या बायकांच्या पिशवीत चघळायच्या गोड गोळ्या असतातच. तिनं एक काढून माझ्या हातावर ठेवली.

"लाल पिशवीवाली ना? पलीकडे गेली. कुणी हाक मारल्यासारखी उठली आणि तडक चालायला लागली."

"लंगडत होती का?"

म्हातारीनं जरा आठवून पाहिलं. "नाही गं. लंगडत नव्हती."

मी पलीकडे धावले. तिथे जुना भाग होता, फरशा पिवळ्या पडलेल्या, निम्म्या दुकानांची शटरं ओढलेली. एका खांबाला कार्डाचा फोन होता. मी घरी फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलंच नव्हतं. पहिल्याच घंटेला आईनं उचलला.

"आई, मी..."

"कानाए कुठाय?"

मी अजून काहीच बोलले नव्हते.

"आई, तुला कसं..."

"आत्ता झाकणं उचलली. तुझ्या वाटीचं उचललं, थेंब टपकले. तिचं उचललं तर ठणठणीत कोरडं. एकाच भांड्यातली आमटी, चिझु. एकाच वेळी वाढलेली. आणि तिची वाटी हाताला बर्फासारखी लागतेय."

मला एकदम रडू फुटणार होतं. पण खरं सांगते, त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते माहीत नव्हतं. मावशी गेली तेव्हा मी लहान होते, किनाऱ्यावर नुसती उभी होते. या वेळी मी नुसती उभी राहणार नव्हते.

"ती आमटी ओतून दे," मी म्हटलं. "दुसरी वाढ. उकळती. तिचं नाव घेऊन वाढ. गार झाली की पुन्हा वाढ. मी तिला बाहेर काढेपर्यंत थांबायचं नाही."

"वाढते. आणि तू?"

"मी तिला आणते."

"रडतेस?"

"नाही."

"रडू नकोस. डोळे भरले की दिसायचं नाही काही."

तिनं फोन ठेवला. मागे भांड्यांचा आवाज झाला तो मला ऐकू आला होता.

मग मी चालत राहिले. किती वेळ, ते जमिनीखाली कळत नाही. कारंज्याचा आवाज मागे राहिला, मग माणसांच्या बुटांचा आवाज विरला. छतावरच्या दिव्यांच्या नळ्या फडफडत होत्या. एका वळणावर मी थांबले, कारण वास आला. सुकवून भाजलेल्या उडत्या माशांचं उकळतं पाणी. आमच्या बेटावर प्रत्येक घरात सकाळी हाच वास असतो. ओसाकात तो वास कुठून येणार? इथल्या आमटीला असला वास नसतोच. आणि त्याच्याखाली आणखी एक वास होता, ओल्या दोरखंडाचा, बंद विहिरीचा.

लांब कुठेतरी घंटी किणकिणली.

पुढे जिना होता, खाली जाणारा. मी होते तोच सगळ्यात खालचा मजला, हे मी भिंतीवरच्या नकाशात पाहिलं होतं. तरी जिना खाली जात होता. मी उतरले. पायऱ्या ओलसर होत्या. थंडी अशी की उघड्या दंडांवर काटा आला. खाली एकच दुकान होतं, सरकतं दार अर्धं उघडं, वर निळा पडदा. अशा पडद्यावर एरवी दुकानाचं नाव असतं, यावर काही नव्हतं.

मी बाहेरूनच वाकून पाहिलं.

लांब फळी होती आणि तिच्याशी माणसं पाठमोरी बसलेली. सगळ्यांपुढे वाफाळत्या वाट्या. सगळी जेवत होती, सावकाश, एका लयीत. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या पायाशी त्याचं सामान. एकाजवळ वेताची पेटी, जुन्या काळी लोक नेत तशी. एकाजवळ सैनिकाची पडशी. एका मुलीजवळ शाळेच्या सहलीची पिशवी, तिच्यावरची चित्रं पुसट झालेली. आणि अगदी शेवटी कोरी करकरीत लाल पिशवी.

फळीपलीकडे पांढऱ्या एप्रनमधली एक बाई भात वाढत होती. चेहरा खाली होता. हात मात्र दिसत होते, पाण्यात खूप वेळ राहिल्यावर बोटं सुरकुततात तसे.

"आलीस, चिझु?" ती म्हणाली. मान वर न करता.

तो माझ्या आईचा आवाज होता. आत्ता फोनवर ऐकला होता, तोच.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दारातून आत येताना 'आले' म्हणतात आणि आतलं माणूस 'आलीस?' म्हणतं. निघताना 'जाऊन येते', आणि आतून 'जाऊन ये'. बेटावर तर रस्त्यावरचं कुणीही 'आलीस का गं?' म्हणतं आणि पोरं न बघता 'आले' म्हणून पुढे जातात. जिभेला सवयच असते. शहरातले दुकानदार 'या, या' म्हणतात. 'आलीस?' म्हणत नाहीत. तिथे ते फक्त घरचं माणूस म्हणतं, आणि उत्तर देणारा त्या घरचा असतो.

माझ्या ओठांवर 'आले' आलं होतं. मी म्हातारीनं दिलेली गोळी तोंडात कोंबली आणि दात आवळले.

"कानाए," मी गोळी गालात सारून म्हटलं. "ऊठ. चल."

तिनं मान वळवली. चेहरा शांत होता, झोपेतून उठल्यासारखा. पुढ्यातलं ताट भरलेलं होतं. तिनं चॉपस्टिक उचललेल्याही नव्हत्या.

"ताई... तू पण आलीस?"

"तू जेवलीस का? काही खाल्लंस?"

"नाही ना," ती जरा खजील होऊन म्हणाली. "या कधीच्या आग्रह करतायत. पण माझं पोटच भरलंय. मघापासून तोंडात आपल्या जवाच्या मिसोची चव येतेय. एक संपली की दुसरी वाटी प्यायल्यासारखं..." तिनं पोटावर हात ठेवला. "इतकं ऊबदार वाटतंय."

तिकडे बेटावर आई थांबली नव्हती. माझ्या अंगात एकदम बळ आलं.

"कानाए, दाराशी ये."

ती उठली, पिशवी उचलली, घंटी वाजली. जेवणाऱ्यांपैकी कुणी हललं नाही. ती पडद्यापर्यंत आली आणि थांबली. तिच्यापुढे काहीच नव्हतं, पण तिला पाय उचलता येईना.

"न सांगता कुणी घरातून जातं का?" फळीपलीकडून आवाज आला. आता तो माझ्या आईचा नव्हता. दुसरा होता, हलका, थोडा घोगरा, समुद्रावरच्या बायकांचा असतो तसा. कानाएचा चेहरा बदलला.

"ताई, ऐकलंस?" ती कुजबुजली. "आई आहे. तिनंच हाक मारली मघाशी. 'आलीस?' म्हणाली... आणि मी 'आले' म्हटलं."

"तुझी आई नाही ती."

"आवाज तिचाच आहे."

"आत्ता माझ्याशी माझ्या आईच्या आवाजात बोलली. माझी आई घरी आमटी ढवळतेय."

"मग... मी 'जाऊन येते' म्हणते. म्हणजे सोडेल. मग आपण जाऊ, आणि मी पुन्हा कधीतरी..."

तिच्या डोळ्यांत ते 'पुन्हा कधीतरी' मला स्पष्ट दिसलं. धक्क्यावरच्या सगळ्या संध्याकाळी त्यात होत्या. तिनं 'जाऊन येते' म्हटलं असतं तर ती खरंच आली असती. उद्या नाही तर परवा, पाय दुखत असताना, एकटी. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

मग मी गोळी थुंकली, उंबरठ्याच्या आत एक पाऊल टाकलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आले."

सगळ्यांचं चावणं थांबलं. इतका वेळ तो आवाज ऐकू येत होता, हे तो थांबल्यावर कळलं.

"हिनं 'आले' म्हटलं ते माझ्यावर," मी म्हटलं. "हिची जागा माझी. आणि आता मी निघतेय."

एप्रनवाली बाई भात वाढायची थांबली. "मग नीट सांग, बाळ."

"जाऊन येते."

"येशील ना?"

मी ओजिमाकाकांना ऐकवलं होतं त्याच आवाजात म्हटलं, "सांगितलं ना, जाऊन येते."

"जाऊन ये," ती प्रेमानं म्हणाली. आणि पहिल्यांदाच मान वर करायला लागली.

मी पाहिलं नाही. कानाएचा दंड धरला आणि जिना चढत सुटले. मागे पुन्हा चावण्याचा आवाज सुरू झाला, सावकाश, एका लयीत. आम्ही वर आलो, पिवळ्या फरशा ओलांडल्या, जो पहिला जिना दिसला त्यानं उजेडात निघालो. ऊन अजून तसंच रणरणत होतं. कानाए फुटपाथवर बसून हमसून हमसून रडली. मी तिचा बूट काढून टाचेला चिकटपट्टी लावली. घाईत ती वाकडी बसली.

"घरी जायचं का?" मी विचारलं.

तिनं नाक पुसलं. "काकांना हसू द्यायचंय का तुला?"

आम्ही आठवडा पुरा केला. अगदी हट्टानं, सगळा. किल्ला पाहिला, बंदर पाहिलं, फक्त जमिनीखाली उतरलो नाही. घरी पोचलो तेव्हा आईच्या दोन्ही हातांवर आमटीचे चटके होते. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, "दोघी आलात," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

कानाए आता बेटावरच असते. लग्न झालं, पोरं झाली. धक्क्यावर जाते ती फक्त मासळी घ्यायला. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नाही आणि मीही काढत नाही.

मी मात्र पुढच्याच वर्षी ओसाकाला नोकरीला आले आणि राहिले. लोक म्हणाले, हिला खूळ लागलंय. असेल. पण एका शब्दापायी मी आयुष्यभर एखादं शहर टाळत फिरावं हे मला पटेना. रोज उमेदावरून जाते. तो जिना पुन्हा कधी दिसला नाही, आणि मी शोधायलाही गेले नाही. तो शब्द मी मोडणार आहे हे मी तिथल्या पायऱ्या चढतानाच ठरवलं होतं.

आई इतकी वर्षं माझं ताट वाढत राहिली. तिच्या लेखी मी प्रवासातच होते. दुपारी कामात असताना एकाएकी तोंडात जवाच्या मिसोची चव यायची, पोटात कोमट काहीतरी उतरायचं. मी क्षणभर हात थांबवून मनात म्हणायचे, जेवले गं आई. ती गेली त्या दिवसापासून ते बंद झालं. घर कुलूपबंद आहे, किल्ली कानाएकडे. तिला मी विचारलं, तू ताट वाढतेस का? तर म्हणाली, "ताई, तुझं घर तिकडे झालंय, मी कशाला वाढू?" बरोबरच होतं तिचं.

या शरदात ते पुन्हा सुरू झालं.

दुपारी बरोबर त्याच वेळी. उडत्या माशांचं पाणी, पण जवाचं मिसो नाही. काळसर, किंचित गोड, आणि शेवटी जिभेवर दोरखंडाची ओल. पहिल्या दिवशी मी हातातलं सगळं टाकून मोरीकडे धावले. मग बसून विचार केला. सावलीचं ताट कोण वाढतं? ज्या घरातून माणूस 'जाऊन येते' म्हणून निघालं, ते घर.

म्हणून हल्ली मी दुपार व्हायच्या आधीच जेवते. पोटभर, गळ्यापर्यंत. पोटात जागाच ठेवत नाही. डॉक्टर ओरडतात वजनावरून, ओरडू देत. मी जाणार नाही म्हणजे नाही. मी घाबरलेय असं समजू नका. माझी एकच शंका आहे, म्हणून तुम्हाला बसवून घेतलं.

आईचं ताट इतक्या लांबून यायचं, की माझ्यापर्यंत पोचेतो आमटी नेहमी कोमट झालेली असायची. पहिल्या दिवशी हीसुद्धा कोमटच होती. मग रोज थोडी थोडी गरम.

दिवा जरा वर धरा आणि बघा. ही जीभ. काल दुपारी भाजलीय.